मुलाला तालुक्याच्या कॉलेजात अजिबात घालू नका

मुलगा बारावी झाला. टक्के बरे पडले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन तुम्ही चार घरं हिंडलात आणि पाचव्या घरात, पेढा तोंडात टाकता टाकता, प्रश्न आलाच: "मग, ॲडमिशन कुठं?" तुम्ही तालुक्याच्या कॉलेजचं नाव सांगितलंत. समोरचा चेहरा पेढ्यात खडा लागल्यासारखा झाला. "इथंच?"

गेल्या आठ दिवसांत हे "इथंच?" इतक्यांदा कानावर आलंय की आता वाटतं, लोकांचंच बरोबर असेल. तेव्हा ज्यांचे प्रवेश अजून व्हायचेत त्यांच्यासाठी थोडं मार्गदर्शन.

कॉलेज निवडताना आधी अंतर बघा, विषय नंतर. जितकं लांब तितकं चांगलं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठालाच जोडलेली आहेत, स्वायत्त कॉलेज सोडलं तर बी.कॉम.चा अभ्यासक्रम तोच आणि पदवीवर नावही त्याच विद्यापीठाचं, असलं काही बोलून दाखवू नका. संगमनेरला मिळालेला कागद हलका असतो. तोच पुण्याच्या डेक्कनवरून आणला की वजन वाढतं.

सीईटीचा कोर्स असेल तर सरकारी कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्यांच्या भानगडीत पडू नका, थेट मॅनेजमेंट कोटा गाठा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे, पण ती कॅपमधून आलेल्यांना. खासगी अभिमत विद्यापीठांना तर ही योजना लागूच नाही. माफी घेतली तर लोक म्हणतील, ऐपत नाही.

मूळ कागदपत्रं कॉलेजनं ठेवून घेऊ नयेत, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१८ साली बजावलंय. तुम्ही आग्रहानं ठेवून या.

आता राहण्याचं. खोली 'कॉट बेसिस'वर घ्या. म्हणजे खोली नव्हे, खोलीतली खाट. चार खाटा, चार चार्जर, दोरीवर चौघांचे ओले टॉवेल आणि एक खिडकी, तीही डक्टमध्ये उघडणारी. डिपॉझिट दोन महिन्यांचं. करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे दिवाळीत आणि मे महिन्यात पोरगं घरी भाकरी खात असलं तरी तिकडं रिकाम्या खाटेचं भाडं चालूच. मग मेस लावा. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे वडापाव किंवा मॅगी. खाड्याचे नियम मुहूर्ताहून कडक: सलग तीन दिवस गैरहजर आणि आदल्या दिवशी सांगितलेलं, तरच पैसे वळते. शनिवार-रविवार घरी आला तर दोनच दिवस भरतात, खाडा नाही. आमटी अशी की ताटाचा तळ दिसतो. हिशेब करायचाच असेल तर करा. समजा खाट पाच हजार, अकरा महिन्यांचे पंचावन्न. मेस तीन हजार आठशे, दहा महिन्यांचे अडतीस. पीएमपीची सिटी बस, झेरॉक्स, चहा, मोबाईल धरून महिना दीड हजार, म्हणजे पंधरा. वर्षाचे झाले १ लाख ८ हजार. तीन वर्षांचे ३ लाख २४ हजार, आणि यात फी नाही, डिपॉझिटमधून 'रंगकामाचे' कापलेले नाहीत, आजारपण नाही. बरं, हे कशासाठी? जो बी.कॉम. घरापासून अठरा किलोमीटरवर अनुदानित तुकडीत काही हजारांत होतो, त्याच्यासाठी! दुभती म्हैस विकून! आणि वर पोराला सांगायचं, तुझ्यासाठी आम्ही पोटाला चिमटा घेतला. त्यानं मागितलं होतं का?

"पण एक्सपोजर मिळतं हो." बरोबर. वर्गात सव्वाशे पोरं, आणि सरांना एकाचंही नाव माहीत नाही.

एसटीचा पास काढू नका. विद्यार्थ्याच्या मासिक पासला ६६.६६ टक्के सवलत असते, तीन रुपयांतला एकच आपल्या खिशातला. बोनाफाईड, आधार, फोटो घेऊन डेपोच्या खिडकीला उभं राहणं आपल्याला शोभत नाही.

पुरे झाली थट्टा. हवा तो विषय जवळ नसेल, किंवा कॅपमधून चांगलं सरकारी कॉलेज लागलं असेल, तर जरूर पाठवा, कर्ज काढूनही पाठवा. तालुक्याचं कॉलेज म्हणजे स्वर्ग नाही. प्रवेशाआधी तिथं जाऊन विचारा: ही जागा अनुदानित तुकडीतली की विनाअनुदानित? नाव एकच, इमारत एकच, पावतीवरचा आकडा मात्र वेगळा. मुलाला हवा तो मेजर, म्हणजे मुख्य विषय शेवटच्या वर्षापर्यंत इथं आहे का? नसेल तर मधेच कॉलेज बदलावं लागेल. त्या विषयाला कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती? तासिकेवाल्यांच्या नेमणुका उशिरा होतात आणि पहिलं सत्र निम्मं कोरडं जातं. विज्ञानाला घालत असाल तर प्रॅक्टिकलची बॅच कुठली, हे पहिल्याच आठवड्यात बघा. बॅचा रोल नंबरनं पडतात. दुपारची बॅच साडेपाचला सुटली आणि गावाकडची शेवटची गाडी सव्वापाचची असली, तर पोरगी एकतर जर्नल अर्धवट ठेवते नाहीतर स्टँडवर अडकते. बॅच बदलायचा अर्ज तेव्हाच द्या, सोबत गाड्यांच्या वेळा लिहून. हजेरी ७५ टक्के लागते आणि गाडी आली नाही हे कारण हजेरीपटावर चढत नाही.

आणि तुम्ही, "इथंच?" म्हणणारे. फी तुम्ही भरणार नाही, खाट तुम्ही बघून देणार नाही, मेसच्या आमटीनं पोट बिघडलं तर फोनही करणार नाही. मग तोंड कशाला वाकडं करता? रोज सकाळी सहाला उठून, डबा घेऊन, उभ्यानं अठरा किलोमीटर जाऊन शिकणारी पोरगी तुमच्या "इथंच?"नं घरी येऊन गप्प बसते, ते दिसत नाही तुम्हाला. विचारायचंच असेल तर गाडी चुकली की काय करते ते विचारा. तुम्ही रोज साडेपाचला तालुक्याहून मोटारसायकलवर एकटेच परत येता. मागची सीट रिकामी असते.