अर्थ लागेना

गाडीला डोकं नव्हतं तोवर ती मुकाट चालत होती. माझी १९९७ ची झेन, ९९३ सीसी, कार्ब्युरेटरवाली. चोक ओढला की खोकत का होईना, सुरू व्हायची. तिला डोकं बसवायची अवदसा मला आठवली. म्हणजे बाहेरून आणलेला ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक), पेट्रोल फवारणारे चार इंजेक्टर, मूठभर सेन्सर आणि वाळत घातली तर चाळीभर पुरेल एवढी वायर.

बॉनेटखाली एक्झॉस्टची धग आणि पावसाचं पाणी, म्हणून ईसीयूचा डबा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे ठोकला. दोन रात्री जागून कनेक्टरच्या सगळ्या पिना क्रिंप केल्या आणि तिसऱ्या रात्री कळलं की तो कनेक्टर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकातून जातच नाही. गॅलरीतून आई म्हणाली, "अरे, आधी नाडी ओवायची, मग गाठ मारायची!" पिना उपसल्या. नाडी ओवली.

वायरचे रंग ही वेगळीच कथा. नाना पेठेतल्या दुकानदाराला म्हटलं, अकरा रंग हवेत. तो म्हणाला, "लाल आहे, काळी आहे. रंगपंचमी खेळायचीय का?" मग सगळं लालच घेतलं आणि टोकांना मास्किंग टेपवर नावं लिहून चिकटवली. इंजिन तापल्यावर ती नावं टपाटप गळून पडली. क्रँकच्या पुलीपाशी ३६ दातांचं चाक असतं, त्यातला एक दात मुद्दाम पाडलेला. ती बोळकी जागा एक सेन्सर टिपतो आणि त्यावरून ईसीयू ठिणगीची वेळ धरतो. त्या सेन्सरच्या दोन वायरी माझ्याकडून उलट्या लागल्या. स्टार्टर मारताच गाडीने असा काही बार काढला की सोसायटीतले पारवे अजून परतलेले नाहीत.

वायरी सुलट्या केल्यावर गाडी चालू लागली. पण फक्त दिवसा. तिन्हीसांज झाली की तिची तब्येत बिघडायची. काळा धूर, गुदमर, सिग्नलला मान टाकणं. आईने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. मी लॅपटॉप जोडून बसलो. स्क्रीनवर इंजिन ८५ अंशांवर छान तापलेलं. हेडलाइट लावले आणि आकडा धाडकन ५५! बंद केले, पुन्हा ८५. दिवे लावले की माझ्या इंजिनाला थंडी वाजत होती, आणि ईसीयू काळजीपोटी त्याला जास्तीचं पेट्रोल पाजत होता.

हरलो आणि वायरमनकाकांना बोलावलं. त्यांनी लॅपटॉपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेस्ट लॅम्प इकडेतिकडे टेकवला आणि म्हणाले, "साहेब, याला अर्थच नाही."

महिनाभर मलाही हेच वाटत होतं, पण ते अर्थिंगबद्दल बोलत होते. तापमानाच्या सेन्सरचा रोध गारव्यात जास्त असतो आणि तापल्यावर उतरतो. ईसीयू त्याच्यावरचा व्होल्टेज मोजून अंदाज बांधतो. मी सेन्सरची अर्थ, म्हणजे वीज परत नेणारी वायर, हेडलाइटच्याच बोल्टवर बांधली होती आणि बोल्टखाली बॉडीचा रंग तसाच होता. दोन्ही दिव्यांचे नऊ-दहा अँपिअर त्या अर्धवट टेकलेल्या बोल्टमधून वाट काढू लागले की तिथला व्होल्टेज वर उचलला जायचा आणि ईसीयूला वाटायचं, इंजिन गारठलं.

काकांनी सेन्सरच्या सगळ्या अर्थ परत ईसीयूच्याच पिनवर नेल्या, ईसीयूची जाड अर्थ थेट इंजिन ब्लॉकवर घेतली आणि तिथली जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली. हेडलाइट लावले. ८५ चे ८५!

"आधी गाडीला त्रास काय होता?" हात पुसत काकांनी विचारलं.

"तसा काही नाही. चोक ओढायला लागायचा."

काका काही बोलले नाहीत. उरलेला पॉलिश पेपर त्यांनी माझ्या खिशात कोंबला, जुन्या स्कूटरचा चोक ओढला आणि किक मारली. पहिल्या किकला सुरू झाली.