शून्य म्हणजे किती? कामिकात्सुच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून नुसताच नमस्कार. अकरा वर्षं तोक्योत राहता आणि जपानच्या डोंगरातल्या कामिकात्सु या छोट्या गावावरचा माझा लेख वाचून हसू आलं, एवढं कळलं. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देतो. दोन दिवस डोंगरात राहून आलेल्या पाहुण्याचं हे भाबडं कौतुक आहे. 'शून्य कचरा' ही नुसती पाटी आहे, पाचवा हिस्सा कचरा अजूनही जाळला-पुरला जातो. गाव म्हाताऱ्यांचं आहे आणि ओस पडत चाललंय, ते मी दडवलं. आणि जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, आपल्याला हे जमणार नाही, मग लिहायचं कशाला?

शेवटापासून सुरुवात करतो, कारण भांडण तिथेच आहे.

शिस्तीचं म्हणाल, तर याच शिस्तीच्या गावात १९९०च्या दशकापर्यंत लोक कचरा उघड्यावर पेटवून देत होते. जुनी खुर्ची, प्लॅस्टिक, सगळं एकाच ढिगात. वरून दट्ट्या आला तेव्हा १९९८ साली गावाने दोन छोट्या भट्ट्या बसवल्या. त्या जेमतेम दोन-तीन वर्षं चालल्या. डायऑक्सिनचे (कचरा जाळताना निघणाऱ्या विषारी रसायनांचे) नवे नियम आले, भट्ट्या त्यांत बसेनात, बंद कराव्या लागल्या. नवी मोठी भट्टी घ्यावी तर दोनेक हजार वस्तीच्या गावाकडे पैसा कुठला? कचरा बाहेर पाठवून जाळावा तर वजनावर पैसे मोजायचे. मग एकच वाट उरली. जे विकता येईल, किंवा कुणीतरी स्वस्तात नेईल, ते वेगळं काढायचं. २००१ साली पस्तीस प्रकार झाले ते असे. 'शून्य कचऱ्या'ची घोषणा, जपानमधली पहिली, त्यानंतर २००३ साली आली. आधी खिसा रिकामा झाला, तत्त्व मागाहून सुचलं.

हे मला तिथल्या कचरा केंद्रात उभं राहिल्यावर कळलं. गावात घंटागाडी नाही. प्रत्येकाने आपला कचरा केंद्रावर आणून चाळीसहून जास्त खोक्यांत घालायचा (पंचेचाळीस हा गाजलेला आकडा). ओला कचरा तिथे आणायचाच नाही, घरीच कुजवायचा. त्याच्या यंत्रांना गावाने अनुदान दिलं होतं. प्रत्येक खोक्यावर पाटी आहे: ही वस्तू कुठे जाते, तिचं काय होतं, आणि किलोमागे गावाला किती येन मिळतात किंवा किती भरावे लागतात. ती पाटी संस्कार वगैरे शिकवत नाही, जमाखर्च दाखवते. रद्दी आणि भंगार वेगवेगळं ठेवणारी, किलोचा भाव तोंडपाठ असलेली कोणतीही मराठी गृहिणी ती पाटी एका नजरेत समजून घेईल. म्हणून 'आपल्याला जमणार नाही' हे मला पटत नाही. आपल्याला ते गरजेचं वाटत नाही असं म्हणा, मी मान डोलावेन.

आता म्हातारपण. इथे तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलो. १९५५ साली दोन खेडी एकत्र करून हे गाव झालं तेव्हा वस्ती सहा हजारांच्या वर होती. आता दीड हजारही नाही. निम्म्याहून जास्त माणसं पासष्टच्या पुढची. हे आकडे मला माहीत होते आणि लेखात एका ओळीत उरकले, कारण मला पानांच्या धंद्याकडे पळायचं होतं.

तो धंदा मात्र मी रंगवून सांगितलेला नाही. १९८१च्या फेब्रुवारीत थंडीची लाट आली आणि मिकान संत्र्यांच्या बागा गेल्या. त्यातून सावरण्याच्या खटपटीत शेतकी सहकारी संस्थेतल्या तोमोजी योकोइशी या तरुण सल्लागाराने ओसाकाच्या एका उपाहारगृहात पाहिलं, की ताटलीत शोभेला ठेवलेलं मेपलचं पान मुली कौतुकाने घरी घेऊन चालल्यात. डोंगरात पानांना काय तोटा? पण १९८६ साली ती विकायला निघाल्यावर कळलं, की डोंगरातलं पान आणि ताटातलं पान वेगळं. आकार सारखा हवा, डाग नको, आणि ऋतू थोडा आधीच यायला हवा. मार्चमधल्या बाहुल्यांच्या सणाला पीचची फुलं हवीत तर फांद्या वेळेआधी फुलवाव्या लागतात. म्हणजे लोक समजतात तसं रानात जाऊन वेचणं नव्हेच, ही बागायत आहे. मागण्या आधी गावाच्या आपत्ती-सूचना यंत्रणेवरून फॅक्सने यायच्या, पुढे संगणकावर आणि टॅब्लेटवर. जी आजी आधी बोट लावेल तिला मागणी. तीनशेहून जास्त प्रकारची पानं-फुलं, आणि वर्षाची विक्री वीस कोटी येनच्या वर गेलेली. आपण पत्रावळीवर जेवून पान उकिरड्यावर टाकणारी माणसं, त्यामुळे मी जरा हरखलो असेन, ते सोडून द्या.

पण या धंद्याने वस्तीची घसरण थांबली नाही. आज्यांच्या हाती पैसा आला, बाहेरची काही तरुण मंडळी येऊन राहिली, तरी दरवर्षी माणसं कमीच होत गेली. हे वाक्य मूळ लेखात हवं होतं.

राहिला 'शून्य'. २०२० हे उद्दिष्टाचं वर्ष होतं, तेव्हा गावाचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास कचरा जाळण्या-पुरण्याऐवजी पुनर्वापराला जात होता. देशाची सरासरी वीसच्या घरात असताना ऐंशी ही मला गंमत वाटत नाही. पण ऐंशी म्हणजे शंभर नव्हे. शीर्षकातला 'कचरा नसलेलं गाव' हा शब्दप्रयोग मी काढून टाकला आहे. त्याच वर्षी उघडलेलं नवं केंद्र वरून प्रश्नचिन्हाच्या आकाराचं दिसतं. गावकऱ्यांनी दिलेल्या जुन्या खिडक्या जोडून त्याच्या भिंती उभ्या केल्यात, सुमारे सातशे. आवारातल्या चार खोल्यांच्या हॉटेलात साबणसुद्धा लागेल तेवढाच कापून घ्यायचा. मी जरा जास्तच कापला.

आणि तुमच्या दोन आक्षेपांची गाठ कुठे पडते ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. उरलेल्या पाचव्या हिश्शात आहे काय? रबर, चामडं, दोन-तीन पदार्थ चिकटवून केलेल्या वस्तू, ज्या कारखान्यातच अशा बनतात की गावाने कितीही सोलल्या तरी सुट्या होत नाहीत. आणि डायपर. बाळांसाठी गाव धुऊन वापरायचे कापडी डायपर भेट देतं. पण जिथे निम्मी माणसं पासष्टच्या पुढची आहेत, तिथल्या जाळायच्या खोक्यात पडतात ते बहुतेक मोठ्यांचे.