‘चष्म्याने डोळा तिरळा होतो’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सांगली, तासगाव, जतकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मुलाचा डोळा नाकाकडे वळत असेल तर ती सवय आहे, आपोआप जाते. मूल बारीकसारीक सगळं बघतं, मग चष्मा कशाला? चष्म्याने तिरळेपणा वाढतो. त्यापेक्षा नाकाजवळ पेन्सिल धरून व्यायाम करा, नाहीतर मोठेपणी ऑपरेशन आहेच. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सांगलीत लहान मुलांचे डोळे तपासते. हा मेसेज वाचून ज्यांचा चष्मा कपाटात गेला, अशी मुलं माझ्याकडे येतात. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सवय आहे, जाते.’ पहिले तीन-चार महिने तान्ह्या बाळाचे डोळे इकडेतिकडे फिरतात आणि पुढे स्थिर होतात, हे खरं. काही बाळांचं नाक बसकं असतं, त्यामुळे डोळे सरळ असूनही तिरळे भासतात. पण दोन-तीन वर्षांचं, आधी सरळ बघणारं मूल डोळा आत घ्यायला लागलं तर ती सवय नव्हे. तिरळा डोळा भाग्याचा असतो, असंही आज्जी सांगतात. मुलाच्या नजरेशी भाग्याचा संबंध जोडू नये, एवढंच म्हणते.

‘सगळं दिसतं, मग चष्मा कशाला?’ सगळ्यात जास्त फसवणारा मुद्दा हाच. यातल्या बऱ्याच मुलांना प्लस नंबर असतो, साधारण ४ च्या आसपास. प्लस नंबर असला की डोळ्यातलं भिंग फुगवल्याशिवाय चित्र स्पष्ट होत नाही. लहान मुलाचं भिंग लवचीक असतं, म्हणून ते जमून जातं. अडचण अशी की फोकस करणं आणि डोळे नाकाकडे वळणं ही बैलजोडी एकाच जुवाला जुंपलेली आहे. ३३ सेंटिमीटरवरचं चित्र बघायला नंबर नसलेल्या मुलाला ३ डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप) जोर लागतो. प्लस ४ वाल्याला ७ लागतो, आणि लांबचा डोंगर बघतानाही ४. एवढा जोर लावला की डोळा गरजेपेक्षा जास्त आत ओढला जातो. डोंडर्स या डच डॉक्टरांनी हा संबंध १८६४ सालीच मांडला होता. म्हणूनच डोळा जास्त वळतो तो पुस्तक बघताना, दमल्यावर, तापात.

शिवाय दिसतं ते कोणत्या डोळ्याने? दोन-दोन चित्रं दिसू नयेत म्हणून मेंदू वळलेल्या डोळ्याचं चित्र बाजूला सारतो, आणि तो डोळा हळूहळू अधू होतो. तपासताना मी तो डोळा झाकते तेव्हा मूल खेळण्यात रमलेलं असतं. चांगला डोळा झाकला की तेच मूल कुरकुरतं, माझा हात ढकलतं. आईला मग वेगळं काही सांगावं लागत नाही. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून अधू डोळ्याला कामाला लावता येतं, पण वयाच्या सात-आठ वर्षांनंतर त्याचा गुण कमी येत जातो. ‘द्राक्षाची छाटणी उरकली की बघू’ म्हणत वर्ष जातं, ते परत मिळत नाही.

‘चष्म्याने तिरळेपणा वाढतो.’ लोकांना असं का वाटतं ते मला समजतं. चष्मा लावला की डोळा सरळ, काढला की झटकन आत. कधी पूर्वीपेक्षा जास्त वळल्यासारखा दिसतो. कारण चष्म्याने फोकसचा जोर स्वतःकडे घेतलेला असतो. तो काढला की मूल पुन्हा सगळा जोर लावतं. म्हणजे चष्मा काम करतोय, याचाच हा पुरावा. मात्र नंबर नेमका हवा. त्यासाठी फोकस काही काळ थांबवून तपासावं लागतं. लहानग्यांना बहुतेकदा घरीच तीन दिवस अ‍ॅट्रोपीनचं मलम घालायला सांगतात. उजेड सोसत नाही, जवळचं धूसर दिसतं, पण हे काही दिवसांत ओसरतं. चेहरा लाल झाला किंवा ताप आला तर मलम थांबवून डॉक्टरांना फोन करा. चष्मा दिवसभर हवा, झोपताना सोडून. मूल भिंगावरून बघत असेल तर फ्रेम सैल आहे. मागून पट्टा बांधून घ्या. जवळ बघतानाच डोळा जास्त वळत असेल तर बायफोकल, म्हणजे लांबचा आणि जवळचा असे दोन नंबर एकाच काचेत असलेला चष्मा, देतात.

‘पेन्सिलचा व्यायाम.’ तो ज्यांचे डोळे जवळ बघताना पुरेसे आत येत नाहीत त्यांच्यासाठी आहे. इथे डोळे आधीच जास्त आत येतायत.

‘मोठेपणी ऑपरेशन आहेच.’ चष्म्याने डोळा पूर्ण सरळ राहत असेल तर ऑपरेशन लागत नाही. केलंच तर पुढे डोळा बाहेर वळण्याची भीती. चष्मा लावूनही तिरळेपणा उरला तर उरलेल्यापुरतं ऑपरेशन करतात. नंबर तसाच राहतो, म्हणून चष्माही राहतो.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलीच नाही. फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी दिसली, किंवा मोठ्या मुलाचा डोळा अचानक वळून त्याला एकाच्या दोन वस्तू दिसायला लागल्या, तर चष्म्याचं दुकान नको, त्याच दिवशी मिरज-सांगलीतल्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. बाकीच्यांनी अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेव्हा डॉक्टरांना मुलाचे डोळे मुद्दाम बघायला सांगा. जाताना मूल जेवताना किंवा पुस्तक बघताना काढलेला मोबाइलवरचा व्हिडिओ सोबत न्या. तपासणीच्या वेळी डोळा नेमका सरळ असला तरी डॉक्टरांना वळण दिसतं.