ट्रेल आली की गप्प बसा? लिमिट पोकरमध्ये नको

दिवाळीपासून आमच्या पत्त्यांच्या ग्रुपवर पोकरबद्दल एक मेसेज फिरून राहिला आहे. भारी पत्ते आले की फ्लॉपला (मधली पहिली तीन सामाईक पानं उघडल्यावर) चुपचाप चेक करा, म्हणजे काही न लावता पुढे द्या, कारण लावलं की सगळे पळतात. टर्नपासून, म्हणजे चौथ्या पानापासून, बेट दुप्पट होते, वसुली तिथे करा. टीव्हीवरचे दिग्गज असंच खेळतात. लिमिट (ठरलेलीच बेट) असो की नो-लिमिट (हवी तेवढी), नियम एकच. पाठवणारे आमचेच धरमपेठेतले काका आहेत, म्हणून जरा जपून लिहितो.

आमचा डाव लिमिट होल्डेमचा (हातात दोन पानं, मध्ये पाच सामाईक), शनिवारी रात्री गच्चीवर, चिंचोक्यांवर. फ्लॉपपर्यंत छोटी बेट 10, टर्नपासून मोठी 20. मागे एकदा मी काकांचं ऐकलं. हातात दोन अठ्ठ्या. पत्ते उघडण्याआधीच एक रेज झाली (कुणीतरी बेट वाढवली), पाचही जण 20-20 भरून राहिले, म्हणजे पॉटमध्ये 100. फ्लॉपला बदाम राजा, बदाम पंजी आणि इस्पिक अठ्ठी. तीन अठ्ठ्या! मी चेक. मग सगळ्यांचंच चेक. टर्नला किलवरची छक्की पडली आणि नव्वी-सत्ती धरून बसलेल्या मित्राचा सिक्वेन्स फुकटात पूर्ण झाला. मी 20 लावले, त्याने रेज केलं, मी शेवटपर्यंत भरत गेलो. "झोपला होता का बे?" एवढंच तो म्हणाला.

आता "लावलं की पळतात" हे तपासा. मी फ्लॉपला 10 लावले असते तर पॉट 110 झाला असता. दोन बदाम हातात असलेल्याला कलरसाठी (पाच पानं बदामाची) उरलेल्या 47 पानांतली 9 चालतात, 38 चालत नाहीत, म्हणजे त्याच्या विरुद्ध साधारण 4.2 ला 1. त्याला 110 च्या पॉटसाठी 10 भरायचे, म्हणजे मिळताहेत 11 ला 1. तो कशाला पळेल? हातात राजा असलेला तर हलणारच नाही. नव्वी-सत्तीवाल्याला फक्त चार छक्क्या हव्यात: 10.75 ला 1. त्यालाही 10 भरणं जेमतेम परवडतं, हे कबूल. पण राजावाल्याने मध्ये रेज केलं असतं तर त्याला 130 च्या पॉटसाठी 20 भरावे लागले असते, साडेसहाला 1, आणि तिथे शहाणा माणूस पॅक करतो. म्हणजे बहुतेकांनी पैसे भरले असते, नाहीतर माझा धोका तरी कमी झाला असता. मी चेक करून दोन्ही घालवलं.

मला वाटतं, ही गप्प बसायची सवय आपल्याला तीन पत्तीने लावली. तिथे ट्रेल (तिन्ही पानं सारखी) आली की आली. पुढे नवीन पान येत नाही, समोरच्याचा हात सुधारत नाही. दबून चाल देत राहा, काही बिघडत नाही. होल्डेममध्ये फ्लॉपनंतर अजून दोन पानं यायची असतात, आणि तिथे सिक्वेन्सही तिकडीला (तीन सारख्या पानांना) मारतो, कलरही.

टर्नला दुप्पट, हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे. समोर एकच खेळाडू असेल आणि तो स्वतःहून लावत सुटला असेल, तर फ्लॉपला नुसता कॉल करून (त्याने लावले तेवढेच भरून) टर्नला रेज करा. 10 ऐवजी 20 जास्त मिळतात. पण पाच जणांत चेक केलं की फ्लॉपचे चौघांचे 10-10, म्हणजे 40 गेले. ते भरून काढायला टर्नला दोन मोठ्या बेट जास्तीच्या मिळायला हव्यात. आणि ज्यांनी 10 हसत भरले असते, तेच काही लागलं नाही की 20 ला पॅक करतात. नो-लिमिटमध्ये सुटलेली बेट पुढे मोठी लावून वसूल होते. इथे 20 म्हणजे 20, आणि बहुतेक ठिकाणी एक बेट, तीन रेज, की दार बंद.

टीव्हीबद्दल फार लिहीत नाही. पोकरच्या वर्ल्ड सिरीजचा मेन इव्हेंट नो-लिमिट असतो, विषय संपला. काकांच्या बाजूचा खरा दाखला वेगळाच आहे आणि तो मेसेजमध्ये नाही, म्हणून मीच देतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सेफियस प्रोग्रामने 2015 मध्ये दोघांचा लिमिट होल्डेम जवळजवळ सोडवला, म्हणजे त्याला हरवणं जवळपास अशक्य. तो डीलर असताना पत्ते उघडण्याआधीची शेवटची रेज दोन एक्क्यांवरही जवळपास कधीच करत नाही, नुसता कॉल करतो. पण तिथे समोर एकटा माणूस असतो आणि लपवायची किंमत एक छोटी बेट. गच्चीवर आम्ही पाच असतो, आणि त्यातले चार जण काहीही धरून येतात.

गप्प बसणं बरोबर ठरलेला एक डाव काकांचाच. तिघंच होतो, रेज झाली नव्हती, पॉटमध्ये 30. काकांकडे दोन राजे, फ्लॉपला अजून दोन राजे आणि एक पंजी. काकांनी चेक केलं. मी एक्का-दश्शी घेऊन बसलो होतो. त्यांनी 10 लावले असते तर तिथेच पॅक केलं असतं. टर्नला एक्का आला. मी टर्नला 20 लावले, रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) 20 लावले आणि वर त्यांच्या रेजचे 20 भरले. मग काकांनी राजे उघडे केले, चिंचोके ओढले आणि उद्याच्या तर्री पोह्यांचं बिल माझ्या नावावर लिहिलं.