झाल्यातच जमा

"काम झालं का?" या प्रश्नाला तुम्ही अजून सरळ "नाही" म्हणता? अहो, इतकी श्रीमंत भाषा हाताशी असताना! "नाही" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "का नाही?" त्याऐवजी "झाल्यातच जमा आहे" म्हणून बघा. समोरच्याला 'झालं' ऐकू येतं, 'जमा' ऐकू येतं आणि तो समाधानाने निघून जातो.

'कदाचित' मात्र टाळा, त्याने माणूस सावध होतो. 'बहुतेक' म्हणा. शक्यता तेवढीच, पण आवाजात उमेद. आकड्यांतही बेसावध राहू नका. "दहा मिनिटांत येतो" म्हणालात तर लोक घड्याळ बघतात. "दहाएक मिनिटांत" म्हणा. हिशेबाने अकरा व्हावीत, पण हा 'एक' चाळिसापर्यंत सहज ताणला जातो.

"किल्ली कुठंय?" "टेबलावर असावी." बघा, खुर्चीतून उठावंसुद्धा लागलं नाही. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात, घरात आळस.

पण या सगळ्यांचा राजा 'म्हणे'. "तो नोकरी सोडतोय म्हणे." कोण म्हणे? ते विचारायचं नसतं. बातमी खरी निघाली तर "मी म्हटलं नव्हतं?" आणि खोटी निघाली तर "मी कुठं म्हटलं?"

यात कमीपणा वाटून घेऊ नका. 1951 साली अमेरिकी गुप्तचरांनी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' असल्याचा अहवाल दिला. त्यांच्यातलेच एक विश्लेषक शर्मन केंट यांनी नंतर तो तयार करणाऱ्यांनाच विचारलं, म्हणजे नक्की किती? कुणाच्या मनात वीस टक्के होते, कुणाच्या ऐंशी. सह्या मात्र सगळ्यांच्या एकाच वाक्याखाली! धर्मराजही "नरो वा कुंजरो वा" म्हणाला, तेव्हा त्याचा अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकला. आपली वाहनं आधीच जमिनीवर आहेत, तेव्हा ती भीती नाही.

राहता राहिला 'नक्की'. हा शब्द खुशाल वापरा, त्यावर आता कुणी विश्वास ठेवत नाही. निमंत्रणाला "बघतो" म्हणालात तर तुमचं पान मांडून ठेवतील. "नक्की येतो, अगदी शंभर टक्के!" म्हणालात की यजमान हसतमुखाने मान डोलावतो आणि यादीतलं तुमचं नाव खोडतो.