लक्षद्वीपच्या फोटोत डोंगर कुठून आला?

रविवारी दुपारी ताईने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "पोरगी जातेय, आशीर्वाद द्या." पोरगी म्हणजे माझी भाची, पुण्यात एस.वाय.ला. मेसेज तुमच्याकडेही आला असेल, मला तो महिन्याभरात चार ठिकाणांहून आलाय. थोडक्यात असा: लक्षद्वीपमध्ये तीन आठवडे फुकट राहा, कासवांची पिल्लं स्वतःच्या हातांनी समुद्रात सोडा, प्रवाळ लावा, शिक्षणापासून वंचित बेटवासी मुलांना शिकवा, युनेस्कोचं प्रमाणपत्र मिळवा. परवाना लागत नाही, आधार कार्ड पुरे. जून-जुलैची बॅच, मोजक्याच जागा. नोंदणी ४,९९९ रुपये, 'परत मिळणारे'.

फुकट आणि ४,९९९ एकाच मेसेजात कसे नांदतात, असं विचारलं तर ताई म्हणाली, "तू प्रत्येक गोष्टीला नाट लावतेस." ठीक आहे, मग नीटच लावते.

आधी फोटो. पाटी घेतलेला एक मुलगा, बाजूला माड आणि मागे हिरवागार डोंगर. लक्षद्वीप म्हणजे प्रवाळाच्या चुऱ्यावर उभी असलेली बेटं. सगळ्या बेटांची जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, आणि समुद्रापासून उंची जेमतेम काही मीटर. तिथे डोंगर सोडा, धड टेकाड नाही. भाचीला व्हिडिओ कॉलवर फोटो मोठा करून दाखवला तर म्हणते, "रिप्रेझेंटेटिव्ह असेल गं मावशी."

परवान्याचं तर सरळसरळ खोटं आहे. तिथे जायला भारतीय माणसालाही प्रवेश-परवाना लागतो, १९६७ सालच्या नियमांनुसार. विमानाचं तिकीट हातात असलं म्हणून तो माफ होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे तिथले फोटो आले आणि ज्याला त्याला लक्षद्वीपला जायचं झालं. नियम मात्र फोटोंनी बदलत नाहीत. आणि जून-जुलैची बॅच? ऐन पावसाळ्यात अरबी समुद्र काय असतो हे कोकणातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत आपल्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात. हा मेसेज लिहिणाऱ्याने समुद्र बहुतेक कॅलेंडरवर पाहिला असावा.

'शिक्षणापासून वंचित' वाचून मात्र डोकं फिरलं. २०११ च्या जनगणनेत लक्षद्वीपची साक्षरता जवळपास ९२ टक्के होती. देशात केरळच्या खालोखाल. आपल्या महाराष्ट्राची ८२. म्हणजे हिशेबाने तिथल्या पोरांनी येऊन आपल्याला शिकवायला हवं. शाळा आहेत, शिक्षक आहेत, पुढच्या शिक्षणाला मुलं केरळात जातात. बेटांवर मल्याळमची बोली चालते, मिनिकॉयवर तर वेगळीच भाषा, मालदीवच्या धिवेहीची बहीण. आमच्या भाचीला मराठी, हिंदी, इंग्रजी येतं. तीन आठवड्यांत ती काय शिकवणार, आणि चौथ्या आठवड्यात त्या मुलांनी काय करायचं? माझ्याच घरी कोणी अनोळखी विशीतली मुलगी 'तुमच्या पोरांना उद्धरायला आलेय' म्हणत आली, तर मी चहा पाजून परत पाठवेन.

आता कासवं, कारण भाची भुलली ती कासवांवर. आणि या मेसेजातली सगळ्यात वेडगळ गोष्टही तीच.

समुद्री कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. विनापरवानगी त्यांना पकडणं, घरटी उकरणं, अंडी हलवणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांची कैद. प्रमाणपत्राऐवजी भलताच कागद हातात यायचा. शिवाय ज्यांचं हे कामच आहे ते काय करतात, हे मी आमच्याकडे कोकणात, वेळास गावाच्या किनाऱ्यावर कित्येक मोसम पाहिलंय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं. अंडी हॅचरीत, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेल्या जागेत नेऊन पुरतात, वर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ गावातला कासवमित्र टोपली उचलतो. पिल्लं असतील तर ती पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतो आणि पुढे त्यांची तीच चालतात. बघे दोरीच्या अलीकडे. कोणी मोबाइलचा लाइट मारला तर गावकरी असा आवाज चढवतात की तो पुन्हा फोन खिशातून काढत नाही, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. 'स्वतःच्या हातांनी समुद्रात सोडा' हे वाक्य तिथे म्हणून बघा.

पण खरी गंमत पुढेच आहे. लक्षद्वीपच्या मच्छीमाराला विचारलंत तर तो म्हणेल, कासवं कमी नाहीत, डोईजड झालीत. हे मी पदरचं सांगत नाही. २०१३ साली 'बायॉलॉजिकल कॉन्झर्व्हेशन' या नियतकालिकात रोहन आर्थर, नचिकेत केळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावरचा अभ्यास आला. बेटाच्या आतल्या बाजूला प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ पाणी असतं, त्याला लगून म्हणतात. त्याच्या तळाशी समुद्री गवताची कुरणं असतात आणि त्या गवतात मासे वाढतात. हिरवी कासवं हेच गवत खातात. पूर्वी बेटावरचे लोक कासवं मारत, त्यांची चरबी होड्यांना लावत. कायदा आला, शिकार थांबली, आणि अगत्तीच्या लगूनमध्ये कासवांची गर्दी झाली. त्यांनी कुरण मुळापर्यंत चरून टाकलं, गवतातले मासे घटले. म्हणजे 'कासवांनी आमचे मासे संपवले' ही मच्छीमारांची कुरकुर हवेतली नव्हती. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात तर दिसलं की एका बेटाचं गवत संपलं की कासवं दुसऱ्या बेटाकडे जातात आणि तिथलंही संपवतात.

म्हणून कासवं मारा असं कोणी शहाणा म्हणत नाही. त्या मच्छीमाराच्या ताटातला मासा आणि लगूनमधलं कासव या दोघांचं कसं जमवायचं, हा तिथला खरा प्रश्न आहे. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं त्याच्यामागे आहेत. तिथे पुण्याहून टी-शर्ट घालून जायचं आणि त्याला सांगायचं, 'काका, कासव वाचवा'?

प्रवाळाबद्दल अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करते. तिथला प्रवाळ खरोखर मरतोय. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये पाणी इतकं तापलं की प्रवाळाने आपल्या अंगात राहणारं शेवाळ बाहेर टाकलं आणि तो पांढरा पडला. दोन तपांत जिवंत प्रवाळ निम्म्यावर आलाय. पण दुखणं आहे ते पाण्याच्या उष्णतेचं. प्रवाळ म्हणजे हापूसची कलमं नव्हेत, की खड्डा काढला, लावलं आणि पाणी घातलं. त्याच तापलेल्या पाण्यात नवा तुकडा लावून तो कसा जगेल? कठीण प्रवाळसुद्धा २००१ पासून पहिल्या अनुसूचीत आहे, त्यामुळे तिथेही परवानगीशिवाय हात लावायची सोय नाही.

युनेस्कोच्या प्रमाणपत्राबद्दल काय बोलायचं? 'जन गण मन'ला जगातलं सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवणारी व्हॉट्सअ‍ॅपवरची युनेस्को हीच असावी.

ताई म्हणेल, म्हणजे स्वयंसेवक कुणाला नकोच असतात का? असतात. अंदमानात वंडूरला १९९० पासून एक संशोधन केंद्र आहे. लिटिल अंदमानच्या किनाऱ्यावर माणसं रात्र रात्र चालून लेदरबॅक कासवांच्या नोंदी घेतात. पण त्या कामात महिने जातात, वही भरते, डास फोडून काढतात आणि सेल्फीला उजेड नसतो. आणि त्याची भरती कुटुंबाच्या ग्रुपवरच्या क्यूआर कोडने होत नाही.

हे सगळं ग्रुपवर टाकलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही. पैसे भरून झालेत की नाही, तेही कोणी सांगत नाही. भाचीला वेगळा मेसेज केला: मार्चमध्ये दापोलीला ये, पहाटे उठून वेळासला जाऊ. लगेच तिचं उत्तर आलं, "पिल्लू हातात घ्यायला मिळेल?"

नाही मिळणार. इतके मोसम जातेय, मला अजून टोपलीलाही हात लावू दिलेला नाही.