हिला काढ, मला ठेव

पुतण्याच्या मुंजीचा एक व्हिडिओ सध्या आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतोय. मी तो बायकोच्या फोनवर बघितला. माझ्या का नाही, ते पुढे येईलच. व्हिडिओ वहिनींनी काढलाय. कशाचा, तर आमच्या टीव्हीचा. रविवारी मी सगळ्यांना बसवून माझी मुंजीची फिल्म दाखवत होतो, फुल एचडी, १९२० बाय १०८०, आणि वहिनी सोफ्यावरून मोबाईल उभा धरून ती टिपत होत्या. त्यात कुकरच्या शिट्ट्या आहेत, बटूच्या डोक्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आहे, मधूनच वहिनींचा अंगठा आहे आणि "जरा बाजूला व्हा हो" असं कुणीतरी म्हणतंय, ते मला. खाली प्रतिक्रिया : "वहिनी, काय सुंदर शूटिंग!"

कॅमेरा घ्यायला मी पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो होतो. "हँडीकॅम? आत्ता?" असं म्हणून दुकानदारानं पोऱ्याला माळ्यावर चढवलं. खाली आलेल्या खोक्यावरची धूळ फुंकली, ती माझ्या चष्म्यावर. "साहेब, एवढ्यात चांगला मोबाईल येईल." माझं म्हणणं साधं होतं. मोबाईलचा झूम एका मर्यादेपुढे नुसतं चित्र ताणतो. यात भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात, तीस पटीपर्यंत. कार्यालयाच्या शेवटच्या रांगेतून बटूच्या कानातली भिकबाळी दिसते. शिवाय ऐन गायत्री उपदेशात यावर कर्ज हवंय का म्हणून फोन येत नाही. मुठीत मावणारा जीव, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. ३२ जीबीचं कार्ड घातलं. सेकंदाला २४ मेगाबिट या वरच्या दर्जाला त्यात जेमतेम तीन तास मावतात. मुंजीला पुरतात, भटजी आवरते असतील तर.

मुंजीत काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण मी ते नीट बघितलेलंच नाही. हातात कॅमेरा आला की माणसाचं नातं सुटतं. सकाळपर्यंत मी बटूचा काका होतो. मंगलाष्टकांपासून "अहो शूटिंगवाले" झालो. नव्वदच्या दशकातला व्हीडीओवाला आठवा. खांद्यावर भलं थोरलं धूड, मागे वायर सांभाळणारा पोरगा, आणि तो प्रखर दिवा, ज्याच्या उजेडात नवरीमुलगी गुन्हा कबूल करायला बसल्यासारखी दिसायची. त्या माणसाचा काय मान! "थांबा," म्हणाला की भटजी थांबायचे. नवरानवरी कमळातून उमलायची, बदामातून डोकावायची, आणि तीन तासांच्या कॅसेटमध्ये दीड तास पंगत असायची, तरी कुणी तक्रार करत नसे. आणि त्याला पहिल्या पंगतीला बसवायचे. मला शेवटच्या पंगतीतही जिलबी मिळाली नाही. मठ्ठा मिळाला.

पण खरी मुंज घरी आल्यावर लागली. आत्या मोतीबिंदूच्या तपासणीसाठी साताऱ्याहून आलेली, ती आमच्याकडेच राहिली. डॉक्टरांनी टीव्ही कमी बघायला सांगितलंय. लॅपटॉपबद्दल ते काही बोलले नाहीत, असं तिचं म्हणणं. मी एडिटिंगला बसलो की ती खुर्ची ओढून शेजारी बसायची, मांडीवर निवडायची मेथी.

पहिल्या दिवशी चित्र आलं, आवाज आला नाही. या कॅमेऱ्यांचा एव्हीसीएचडी हा व्हिडिओ साठवायचा प्रकार २००६ साली निघाला. त्यात आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ पद्धतीनं साठवतात आणि माझ्या फुकटच्या सॉफ्टवेअरला तो कळत नव्हता. भटजींचे ओठ हलताहेत, बाकी शांतता.

"राहू दे असंच," आत्या म्हणाली. "नाहीतरी ते घाईच करत होते."

आवाज एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमनं बदलून घेतला. मग आत्याचं लक्ष टाइमलाइनवर गेलं.

"या फिती कसल्या?"

"एकेक शॉट आहे, आत्या. नको तो कापायचा, हवा तो ठेवायचा."

हे मी बोलून गेलो. तिनं मेथी खाली ठेवली.

"सुधाकरच्या बायकोला काढ."

"अगं, ती तुझ्या शेजारीच उभी आहे. तिला काढलं तर तूही जाशील."

"मी कशी जाईन? मला ठेव. हिला काढ, मला ठेव."

"असं नाही होत. कापताना अख्खा शॉट जातो."

"मग तिला जरा मागे सरकव."

"मागे भिंत आहे."

"बरं, मग मधे भटजींना आण. त्या खालच्या फितीत रिकामेच उभे आहेत ते."

मी कपाळाला हात लावला. आत्यानं तेवढ्यात स्क्रीनला बोट लावलं. "आणि हे माझ्या हाताला फणीचे दात कुठून आले?"

हे मात्र तिनं बरोबर पकडलं. मोतीबिंदूसकट. कॅमेरा १०८०आय होता. म्हणजे सेकंदाला पूर्ण चित्रं न काढता पन्नास अर्धी काढायची, एकदा एक आड एक ओळी, मग राहिलेल्या. जुन्या ट्यूबच्या टीव्हीला ते मानवायचं. लॅपटॉपवर दोन अर्धुकं एकत्र दाखवली की स्थिर माणसं ठीक दिसतात, पण हलणाऱ्या वस्तूच्या कडा विस्कटतात. आत्या भिक्षावळीत हात पुढे करत होती, आणि बांगड्यांसकट अख्ख्या हाताची फणी झाली होती. मी तिला अर्ध्या चित्रांचं सगळं समजावलं.

"अर्धी का? पैसे पूर्ण घेतले ना त्यानं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. खोक्यावर 'फुल' असं ठळक लिहिलंय, 'आय' बारीक.

डीइंटरलेस करून, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण करून, फणी घालवली, तर त्याच भिक्षेत दुसरं विघ्न. कार्डावर फाइली मांडायच्या एफएटी-३२ या रचनेत चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. त्यामुळे अखंड शूटिंग चालू असलं तरी कॅमेरा आतल्या आत तुकडे पाडतो, साधारण तेविसाव्या मिनिटाला एक. कॅमेऱ्याबरोबरच्या सॉफ्टवेअरनं उतरवलं तर ते तुकडे सांधले जातात. पण ते सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर चालायलाच तयार नाही, म्हणून सुट्या फाइल ओढल्या, तर सांध्यावर आवाज उचकी खातो. "ॐ भवति भिक्षां" इथे एक फाइल संपते आणि दुसरीत एकदम आत्याचं ताट मागे जाताना दिसतं. 'देहि' मधल्या मधे गडप.

आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "धाकटीच्या वेळी नाही तुटलं."

"तो नुसता योगायोग आहे, आत्या."

"तिचं चांदीचं भांडं दिसतंय व्यवस्थित. वाटी सुद्धा."

शेवटी धाकट्या आत्याच्या भांड्यावरून चार सेकंद कापले, तेव्हा घरात शांतता झाली. सुधाकरची बायको मी झूम करून कडेला घालवली. तिचा खांदा तेवढा उरलाय. तिचा माझ्याशी काहीही वाकडेपणा नाही, हे इथे नमूद करतो. उलट मठ्ठा तिनंच आणून दिला होता.

रात्री एक्स्पोर्टला, म्हणजे अख्खी फिल्म एका फाइलीत काढायला, लावून झोपलो. पहाटे उठून बघतो तर लॅपटॉप मिटलेला, वर क्रोशाचा रुमाल.

"तापलं होतं रे," आत्या म्हणाली. "पंख्यासारखा आवाज करत होतं. झाकण लावलं. पाल पडली असती."

लॅपटॉप मिटला की झोपतो आणि त्याबरोबर एक्स्पोर्टही. मी काही बोललो नाही. वडीलधाऱ्या माणसाला काय बोलणार? बाथरूममध्ये जाऊन बादलीशी बोललो.

आता या सगळ्यात विनोद संपतो आणि मला जे म्हणायचंय ते असं, की कुणाला चांगलं चित्र नकोच आहे. मी रंग सारखे केले, कार्यालयाच्या हिरव्या ट्यूबलाइटनं बटू आजारी दिसत होता त्याला बरं केलं, वाजंत्रीचा आवाज खाली घेऊन आईचा हुंदका वर आणला. यातलं एकही कुणाच्या लक्षात आलं नाही. प्रत्येकानं फक्त स्वतःला शोधलं, सापडल्यावर "अय्या, केस बघ" म्हटलं आणि मान खाली घालून मोबाईल उघडला. फिल्म संपल्यावर आत्यानं सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला : "छान आहे. पण मोबाईलवर काढलं असतंस तर त्याच दिवशी मिळालं असतं."

त्याच दिवशी! पाठवायचं कसं पण? चौतीस मिनिटांची फिल्म झाली तीन जीबीची. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवावा तर ते दाबून दाबून त्याचा लगदा करणार, आणि डॉक्युमेंट म्हणून दोन जीबीच्या वर जात नाही. म्हणून फिल्म तयार झाली तेव्हा, रविवारच्या आधीच, मी ती ड्राइव्हवर चढवून ग्रुपवर लिंक टाकली होती. एकानंही उघडली नाही. तासाभरात खाली नाशिकच्या काकांचा ठळक अक्षरात इशारा : "कुणीही ही लिंक उघडू नये. खात्यातले पैसे जातात. आमच्या सोसायटीत झालंय."

मी लिहिलं, काका, लिंक माझीच आहे, मुंजीची फिल्म आहे.

काकांचं उत्तर : "ते असंच लिहितात. याचा फोन हॅक झालेला दिसतो."

ग्रुपची अॅडमिन आत्या आहे. शेजारच्या खोलीत बसून तिनं मला काढलं. विचारायला गेलो तर चष्म्यावरून बघत म्हणाली, "असू दे दोन दिवस. खात्री झाली की घेते परत."